जानकीबाईंचा पत्ता

पळसुलेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या घरच्या लग्नाच्या धावपळीत आहेत, अशी माझी ठाम समजूत झाली होती. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. मी ठाण्यातल्या एका लहानशा छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे हुद्दा मुद्रितशोधकाचा. पण गिऱ्हाइकाला बसवणे, चहा सांगणे आणि मालक नसले की खोट्या तारखा कबूल करणे हेही माझ्याकडेच असे. एका दुपारी सुती पातळ नेसलेल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या साठीच्या घरातल्या बाई आत आल्या आणि त्यांनी विचारले, "खराब झालेल्या लग्नपत्रिका आहेत का हो तुमच्याकडे?"

"खराब कशाला, चांगल्या छापून देऊ की," मी म्हणालो. "मुलाचं आहे की मुलीचं?"

"कोणाचंच नाही. मला मागची कोरी बाजू हवी आहे."

छापताना शाई फासलेल्या, वाकड्या गेलेल्या पत्रिकांचा एक गठ्ठा आमच्याकडे कायम पडून असे. तो मी त्यांना देऊन टाकला आणि ही बाई जरा विक्षिप्त दिसते असे मनाशी म्हटले. आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या. मला वाटले, आणखी गठ्ठा हवा असेल. पण त्या दाखवायला आल्या होत्या. आमच्या पत्रिकांचे त्यांनी तळहाताएवढे कापून कार्ड केले होते. एका बाजूला कोणाच्या तरी चि. सौ. कां. चे अर्धे नाव, आणि दुसऱ्या बाजूला बाईंच्या टपोऱ्या अक्षरात पाच ओळी: इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ, तो कोणाकडून मिळाला, कुठे आणि कधी ऐकला, आणि सांगणारा माणूस त्या वेळी काय करत होता.

"ही शेवटची ओळ कशाला?" मी विचारले.

"माणूस कामात असला की त्याच्या तोंडून खरा शब्द येतो. आपण मुलाखत घ्यायला बसलो की तो आपल्यासाठी चांगला शब्द शोधायला लागतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही दिवसभर लोकांचे शब्द वाचता ना? मग रविवारी डोंबिवलीला या."

मी गेलो. पुढची पंधरा-सोळा वर्षे जातच राहिलो.

आदरणीय श्रीमती सुशीलाबाई पळसुले यांना या वर्षी पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या कोशाविषयी या गौरवग्रंथात जाणकार मंडळी लिहितीलच. मी जाणकार नाही. त्यांच्याजवळ मी जे खोटे बोललो आणि त्यांनी त्याचे जे केले, ते सांगण्याचा अधिकार मात्र माझ्याइतका कोणाला नाही. संपादकांनी माझ्याकडे 'बाईंची कार्यपद्धती' हा विषय सोपवला आहे. तो याच वाटेने सांगता येईल.

बाईंनी सारी नोकरी ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत भाषांतराच्या टेबलावर केली. निवृत्त झाल्यावर इतर लोक काशीला जातात, बाईंनी इंग्रजी-मराठी कोश करायला घेतला. पंडितांसाठी नव्हे, तर रोजच्या कामात इंग्रजी कागद हातात पडणाऱ्या साध्या माणसासाठी. डोंबिवलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी रविवारी सकाळी सात-आठ जणांची बैठक बसे. बाईंचे यजमान नाना पत्रिका कापून कार्डे करीत. ते कार्ड इतके काटकोनात कापत की निवृत्तीपूर्वी ते आरेखक होते हे सांगावे लागत नसे. कार्डे बुटांच्या तीन खोक्यांत, अक्षरवार. बैठकीतले सर्वांत वडीलधारे सदस्य म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक बापटसर. ते बोलू लागले की आम्ही सगळे नकळत पाठीचा कणा ताठ करून बसत असू.

बैठकीचा नियम एकच होता. दुसऱ्या कोशातून अर्थ उतरवायचा नाही आणि घरबसल्या बनवायचाही नाही. ज्या माणसाचा त्या गोष्टीशी रोजचा संबंध येतो त्याच्याकडे जायचे, ऐकायचे, त्याचे नाव लिहायचे. बसून बनवलेल्या अर्थाला बाई 'खुर्चीतला अर्थ' म्हणत. बैठकीत कोणाला "हा खुर्चीतला वाटतो" असे म्हणणे ही आमच्यातली सर्वांत मोठी शिवी होती.

मला 'टी' या अक्षराचा काही भाग मिळाला होता, आणि त्यात 'ट्रॅक्ट' हा शब्द. दिसायला एवढासा, पण तीन घरांत नांदणारा. एक अर्थ जमिनीचा, सलग पसरलेल्या भूभागाचा. दुसरा छोट्या प्रचारपुस्तिकेचा, चार पानी चोपड्याचा. आणि तिसरा डॉक्टरांच्या चिठ्ठीतला, शरीरातल्या मार्गाचा. प्रत्येक अर्थासाठी वेगळे कार्ड, आणि जेवढे मराठी पर्याय लोकांच्या तोंडी असतील तेवढे सगळे हवेत, असे बाईंनी बजावले.

पुस्तिकेच्या अर्थाला मला छापखान्याबाहेर पाऊलही टाकावे लागले नाही. चार पानी माल छापून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत सुटलो, "तुम्ही याला काय म्हणता?" निवडणुकीचे काम करणारा कार्यकर्ता म्हणाला, "हँडबिल." एका महाराजांचे भक्त म्हणाले, "हा आमचा प्रसाद आहे, छापील." महाराजांच्या विरुद्ध छापून घेणारे एक गृहस्थ होते, ते म्हणाले, "पत्रक. आणि त्यांच्या आधी माझं छापा." आमचा बाइंडर गणपत घड्या घालत होता, तो म्हणाला, "आपल्याला काय, आपण त्याला चौपानी म्हणतो." आणि समोरचा चणेवाला म्हणाला की त्याच्याकडे ते सगळे एकाच नावाने येते, रद्दी. बाईंनी चणेवाल्याचेही कार्ड केले. बापटसरांनी भुवया उंचावल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, त्या पुस्तिकेचं शेवटचं वाचन त्याच्याकडेच होतं."

राहिला जमिनीचा अर्थ. इथे मी घसरलो, आणि का घसरलो ते आज मोकळेपणाने लिहितो.

बैठकीत मी माझा पत्ता वर्तकनगरचा सांगितला होता. ते अगदीच खोटे नव्हते. नोकरीसाठी आठवडाभर मी तिथे मामांच्या खोलीवर राहत असे. पण माझे घर दिव्याला, खाडीच्या अंगाला असलेल्या आगरी वस्तीत. माझे वडील मिठागरात राबले, आईने डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. जमिनीच्या, खाडीच्या, बांधाच्या शब्दांनी आमचे घर भरलेले होते. बाईंच्या बैठकीतल्या कोणाहीपेक्षा मी त्या कार्डाच्या जवळ होतो. पण आईचे नाव लिहायचे म्हणजे गाव लिहायचे, आडनावापुढे मिठागर लिहायचे, आणि आईचे बोलणे जसेच्या तसे त्या शुद्ध बोलणाऱ्या मंडळींत वाचायचे. मला लाज वाटली. याला दुसरा शब्द नाही, आणि असला तरी मी तो शोधणार नाही.

म्हणून मी खुर्चीत बसून अर्थ बनवला: 'जमिनीचा सलग पट्टा'. कोणाकडून, या ओळीत नाव घातले 'जानकीबाई'. कुठे, तर 'दिवा'. कधी, तर तो महिना श्रावणाचा होता म्हणून श्रावण. आणि काय करताना, तर 'मिठागरात मीठ ओढताना'. बैठकीत कार्ड वाचले गेले. बापटसर म्हणाले, "वा, पाटील, छान." कार्ड खोक्यात गेले, आणि ते पचले म्हटल्यावर पुढच्या काही आठवड्यांत मी आणखी काही माणसे जन्माला घातली.

बाईंची एक सवय मात्र मी विसरलो होतो. शब्द देणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतः भेटून आभार मानत. भेटणे जमलेच नाही तर पोस्टकार्ड. जानकीबाईंना पोस्टकार्ड टाकायला पुरा पत्ता नव्हता. तेव्हा गणपती आटोपल्यावर एका सकाळी बाई पिशवीत ते कार्ड घेऊन दिव्याला उतरल्या आणि चिखल तुडवत आमच्या वस्तीत जानकीबाईंना शोधू लागल्या.

पुढचे मला आईकडून कळले, आणि आई ते आजही तितक्याच रंगवून सांगते. बाई चार दारांना विचारून थकल्या. जानकी नावाचे कोणी भेटेना. कोणीतरी म्हणाले, मिठागरातली जुनी बाई हवी तर गोमीबाईकडे जा. गोमीबाई म्हणजे माझी आई. ती ओट्यावर सुकट निवडत होती. बाईंनी पायरीवर बसून कार्ड वाचून दाखवले. आई ऐकून हसतच सुटली.

"बाय, श्रावनान कोन जातंय आगरान? मीठ काय आभालातून पडतंय?"

पावसाळ्यात मिठागरे बंद असतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिठागरवाल्याच्या मुलाने भर पावसात मीठ पिकवले होते!

"नि ह्यो पट्टा कोन बोलतंय?" आईने विचारले. "तलाठी बोलतंय. आमी नाय बोलत."

"मग तुम्ही काय म्हणता? हे सगळं, इथून खाडीपर्यंत?"

"सगल्याला एक नाव नाय, बाय. हितून बांधापावेतर खार, तिथं आमी भात लावतो. बांधाच्या पल्याड खाजन, तिथं भरतीचं पानी येतंय नि पोरा मासं धरतान. नि थंडीनंतर जिथं मीठ पिकतंय तं आगर. एक नाव सायब लोकांना लागतंय. त्यांना हितं काय पिकवाचं नसतं."

बाईंनी हे सारे उतरून घेतले. आईने त्यांना भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. बाई शाकाहारी, भाकरी गुळाशी खाल्ली, पण ताट परत केले नाही. हात धुवायला आत गेल्या तेव्हा भिंतीवर माझा पदवीच्या झग्यातला फोटो होता.

त्यांनी आईला माझ्या प्रतापाविषयी एक अक्षर सांगितले नाही. एवढेच म्हणाल्या, "तुमचा मुलगा आमच्याबरोबर काम करतो. हुशार आहे."

त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखा वेळेआधी पोचलो. नाना अंघोळीला गेले होते. बाईंनी कार्ड माझ्यापुढे ठेवले. तोवर त्या मला 'पाटील' आणि 'तुम्ही' म्हणत असत.

"कमलाकर, मी जानकीबाईंकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "त्या काही भेटल्या नाहीत. तुझी आई भेटली."

बाई ओरडल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

"अशा जानकीबाई किती आहेत?"

"अकरा," मी म्हणालो.

"अकरा आहेत, की आठवतात तेवढ्या अकरा?"

मी बोटांवर पुन्हा मोजू लागलो. बाईंनी कार्ड उचलून पुन्हा खोक्यात, त्याच्या जागी ठेवले. "बैठक सुरू व्हायला पंधरा मिनिटं आहेत. मी चहा टाकते," असे म्हणून त्या आत गेल्या.

त्या पंधरा मिनिटांचे ऋण माझ्यावर कायमचे आहे. बाई गप्प राहणार होत्या हे मला समजले होते. मी बोललो नसतो तर त्यांनी ती कार्डे एकेक करून गुपचूप काढली असती आणि माझी अब्रू झाकली असती. पण मग त्या घरात मी पाहुणा म्हणूनच बसलो असतो, त्यांचा म्हणून नाही. सगळे जमले, चहा आला, आणि मी उभा राहून सांगितले. वर्तकनगर सांगितले, दिवा सांगितले, मिठागर सांगितले, जानकीबाई सांगितल्या. चहा तसाच निवत होता; नानांनी माझ्या हातातला कप काढून घेतला.

बापटसर संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. "एक कार्ड खोटं म्हणजे तीनही खोकी खोटी! उद्या कोणी म्हणेल, हा सगळा कोशच घरी बसून बनवलाय. यांची सगळी कार्डं काढून टाका. आणि पाटील, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मी चपला शोधू लागलो.

"सर, कार्डं टाकायची नाहीत," बाई म्हणाल्या. "पडताळायची. प्रत्येक कार्डावर नाव आहे, गाव आहे. जाऊन विचारू. खरं असेल ते राहील. मी जाईन."

"तुम्ही? तीन खोकी?"

"आणि हा येईल माझ्याबरोबर. ज्यानं घातलंय त्यालाच माहीत, कुठे काय घातलंय ते."

मग त्या म्हणाल्या, "नियम मी केला, पण असा केला की माणसाला 'मला सापडलं नाही' असं म्हणायची सोयच ठेवली नाही. ते चुकलं माझं." त्या दिवसापासून कार्डाच्या तळाशी सहावी ओळ आली: 'अजून सापडले नाही'. बैठकीत ती ओळ भरायला कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून पहिली चार कार्डे बाईंनी स्वतःची आणली.

वर्षभर आम्ही दोघे रविवारी दुपारी हिंडलो. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कल्याण. शिंपी, गवंडी, होडी बांधणारे कोळी, दवाखान्यातल्या नर्स. मी ज्याचे नाव लिहिले त्याच्या दारात बाईंसह उभे राहायचे आणि विचारायचे, "हे तुम्ही म्हणाला होतात का?" खोटी कार्डे अखेर सतरा निघाली. बाईंनी त्यावर एवढेच म्हटले, "सहा विसरला होतास." प्रत्येक खोट्या कार्डाच्या जागी आम्ही खरा शब्द शोधून आणला. आणि गंमत अशी, की या पडताळणीच्या सुमारास बापटसरांनी 'जी' अक्षराच्या खोक्यातून स्वतःची चार कार्डे हळूच काढून नेली. ते मी पाहिले, बाईंनीही पाहिले. त्यांनी डोळ्यांनीच मला दटावले. बापटसर आज आपल्यात नाहीत. पुढे त्यांनीच माझ्या लग्नात मुलाकडचे वडीलधारे म्हणून पुढाकार घेतला होता, म्हणून एवढी चेष्टा ते मला माफ करतील.

या हिंडण्यातच एकदा आमच्या बांधावर बसून बाईंनी मला त्यांच्या नियमाचा उगम सांगितला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांच्यापुढे खाडीकाठच्या जमिनीचा एक इंग्रजी कागद आला होता. त्यातल्या 'ट्रॅक्ट'ला त्यांनी टेबलावर बसून 'पडीक जमीन' असे लिहिले, कारण नकाशात तिथे काहीच दाखवले नव्हते. ज्याची जमीन तो म्हातारा कचेरीत आला, कोणीतरी वाचून दाखवलेले ऐकले आणि बाईंच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाय, पडीक नाय गो ती. आमचं पोट हाय तिथं." बाईंनी चूक कबूल करून कागद दुरुस्त करवला. पण दुरुस्तीला महिने लागले आणि तेवढे दिवस तो म्हातारा पायऱ्यांवर बसून होता.

"तो मला एकदाही वाकडं बोलला नाही," बाई म्हणाल्या. "रोज दिसायचा आणि हात जोडायचा. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं, कमलाकर. कागदावर होतं, पण मी ते पाहिलंच नव्हतं. त्यानंतर मी नाव विचारल्याशिवाय शब्द घेतला नाही."

हे सांगताना बाईंचे डोळे भरले होते. मला शिक्षा का झाली नाही, हे मला त्या बांधावर उमगले.

नियम असा कडक, पण बाईंनी तो एकदा स्वतःच मोडला. 'ट्रॅक्ट'चा तिसरा, दवाखान्यातला अर्थ राहिला होता. डॉक्टर 'मूत्रमार्ग' म्हणत, पण दवाखान्यात येणाऱ्या बायका काय म्हणतात? आमच्या ओळखीतल्या एका बाईंना तोच त्रास होता. पुरुष डॉक्टरांपुढे त्या तोंड उघडेनात, "पोटात दुखतंय" एवढेच सांगत आणि चुकीची औषधे घेऊन परत येत. पळसुलेबाई त्यांच्यासोबत दवाखान्यात गेल्या, बाहेरच्या बाकावर त्यांचा हात धरून बसल्या, हळूहळू बोलते केले आणि मग आत जाऊन डॉक्टरांना समजेल असे सांगितले. त्या बाई बऱ्या झाल्या. बाकावर त्यांच्या तोंडून आलेला शब्द होता 'वाट'. लघवीची वाट जळते. बाईंनी कार्ड केले, पण नावाची ओळ कोरी ठेवली.

"नियम सर्वांना सारखा," बापटसरांनी लगेच आठवण दिली.

"नाव मला माहीत आहे, सर. मी त्यांना विचारलं, त्या नको म्हणाल्या. मग ते माझ्याजवळ राहील."

कोशातली नावाविना असलेली ती एकच नोंद. ते नाव मलाही माहीत आहे, आणि तेही इथे येणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोश छापून झाला. मुद्रिते मीच तपासली, आणि आयुष्यात एवढे डोळे फाडून मी काही वाचलेले नाही. 'ट्रॅक्ट'च्या नोंदीत 'भूभाग', 'विस्तार', 'पट्टा' हे शब्द आहेत. 'पट्टा'पुढे एका तलाठ्याचे नाव आहे, कारण बाईंनी खरोखर तलाठ्याला जाऊन विचारले. त्यांच्याच रांगेत, त्याच टाइपात 'खार', 'खाजण', 'आगर' आहेत, आणि पुढे 'गोमीबाई पाटील, दिवा, सुकट निवडताना'. पत्रक, चोपडे, चौपानी, प्रसाद आणि रद्दी हेही आहेत, आणि आमचा गणपत बाइंडर आपले नाव असलेले पान घडी न घालता जपून आहे.

पहिली प्रत बाईंनी मला देऊन दिव्याला पाठवले. तोवर आमच्या खारीवर मातीचे ढिगारे पडून भराव झाला होता, बांध बुजला होता, चाळी उभ्या राहिल्या होत्या. पाण्याच्या टँकरची वाट बघत रांगा लागत, तिथेच कधीकाळी भरतीचे पाणी आवरायला माझे वडील बांधावर उभे राहत. आईला वाचता येत नाही. मी बोट ठेवून तिचे नाव दाखवले. तिने विचारले, "नि खार लिवलीस?" मी म्हणालो, लिहिली. "खाजन?" लिहिले. तिने पदराने हात पुसून ते पान बराच वेळ हातात धरले.

"बरा झाला," ती म्हणाली. "हितं आता कोनला सांगलं तर पटाचं नाय."

त्या दिवसापासून मी माझा पत्ता दिव्याचाच सांगतो. बाईंनी मला शब्द जमवायला शिकवले असे लोक म्हणतात, ते खरेच आहे. पण माझ्या घराचा पत्ता मला बाईंनी मिळवून दिला, हे त्याहून मोठे. त्यासाठी त्या एका नसलेल्या बाईला शोधत चिखलातून चालल्या. मला त्यांच्या पायाशी बसून हे सांगता आले नसते. बाई लगेच विषय बदलतात. म्हणून इथे लिहिले.

आता शुभेच्छा. त्या खुर्चीत बसून लिहिणे बाईंच्या बाबतीत शोभणार नाही, म्हणून गेल्या रविवारी मी दिव्याला गेलो. या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेची मागची बाजू कोरी आहे. ती कापून कार्ड केले आहे. नानांच्या हातचा काटकोन मला साधलेला नाही, त्याची क्षमा असावी. कार्ड असे:

शब्द: शुभेच्छा.
अर्थ: "बाय, तू शंभर वर्सा जग. तुजं डोलं चांगलं रावूंदे, गुडघं चालतं रावूंदे. नि मना भेटाला येत जा, आता चिखल नाय."
कोणाकडून: गोमीबाई पाटील.
कुठे आणि कधी: दिवा, आमच्या घरचा ओटा, गेल्या रविवारी सकाळी.
काय करताना: वाल सोलताना.
अजून सापडले नाही: लागू नाही.

मी समोर बसून ऐकले आहे. तरी बाईंनी सवडीने येऊन पडताळून घ्यावे. आई घरीच असते.

कमलाकर पाटील, दिवा